तपासनीस, ब. तुर्दुबायेवा

सही बुरुलचीच होती. पहिल्या अक्षराचं फुगलेलं पोट, मधली अक्षरं एकमेकांत कोंबलेली आणि शेवटी शेपटीसारखी लांब ओढलेली रेघ. त्या शेपटीवरून कॉलेजात मैत्रिणी तिला चिडवायच्या. तिने चहाचा प्याला खाली ठेवला आणि फोनच्या पडद्यावर दोन बोटं ताणून कागद मोठा केला. निळा गोल शिक्का, त्याखाली छापलेलं ‘तपासनीस, ब. तुर्दुबायेवा’, आणि त्यावरून गेलेली ती शेपटी. शनिवारची दुपार होती. खिडकीबाहेर बिश्केकचा हिवाळा कोळशाच्या धुराने पिवळा पडला होता आणि समोरची इमारत असून नसल्यासारखी दिसत होती. टेबलावर वही उघडी होती. सकाळपासून तिने स्वच्छ अक्षरात लिहून काढलं होतं: अक-शिबेर दुग्धालय, स्थापना सव्वीस वर्षांपूर्वी, तीन गोठे, संस्थापक मेलिस, ज्यांना सगळे ‘बायके’, थोरला भाऊ, म्हणतात, आवडता शब्द ‘विश्वास’, जाहिरातीतलं वाक्य ‘आईच्या हातचं’. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कार्यालयातल्या मुलीने, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं एजे म्हणून, बजावलं होतं, “एजे, नुसत्या पदव्या घेऊन जाऊ नका. कंपनीची माहिती काढून जा. मालक कोण, त्यांना अभिमान कशाचा, ते बघून ठेवा आणि बोलता बोलता मधेच पेरा. माणसाला आपलं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.” मंगळवारी अकराला मुलाखत होती. जागा गुणवत्ता विभागप्रमुखाची. सरकारी प्रयोगशाळा बंद झाल्यापासून पंधरा महिने बुरुल थोरल्या बहिणीच्या घरात, बहिणीच्या पलंगाच्या दुसऱ्या अंगावर निजत होती, आणि शेजारच्या पोरींना रसायनशास्त्र शिकवत होती. तेव्हा ती मन लावून माहिती काढत होती. मेलिस बायकेचा कोकराला कवेत घेतलेला फोटो, कुस्तीच्या फडात इनाम देतानाचा फोटो, अनाथाश्रमातल्या मुलांना दुधाचे पेले वाटतानाचा फोटो, असे सगळे तिने पाहिले होते. मग कोपऱ्यात ‘अफवा आणि सत्य’ असं एक पान दिसलं. त्यावर बोट ठेवलं आणि हा कागद उघडला.

आणि सगळ्यात ओंगळ गोष्ट म्हणजे आधी, पापणी लवायच्या आत, तिला बरं वाटलं. आपलं नाव एवढ्या मोठ्या कंपनीच्या पानावर! मंगळवारी हे सांगता येईल, असंही मनात येऊन गेलं. ते बरं वाटणं अजून जिभेवर असतानाच तिने तारखा वाचल्या. नमुना मिळाला: तेरा जून. अहवाल: चौदा जून. खाली एकाखाली एक मुद्दे, आणि प्रत्येकापुढे ‘आढळले नाही’. अमुक जंतू आढळले नाहीत, तमुक जंतू आढळले नाहीत. बुरुलने मनाशी बोटं मोजली, खरं तर मोजायची गरज नव्हती. त्यातल्या एका जंतूला काचेच्या बशीत उगवून यायलाच पाच दिवस लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही ते ठाऊक असतं. बशी उबेत ठेवायची आणि वाट बघायची, या धंद्यात दुसरं काही नसतंच, वाट बघण्याचाच पगार मिळतो. या कागदावर कुणी वाट बघितली नव्हती. ‘आढळले नाही’ हे खरंच होतं. शोधलंच नव्हतं, तर आढळणार कुठून? तिच्या पोटातून काहीतरी वर सरकलं. चहावर दुधाची पातळ साय धरली होती, आकसलेली, सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या कातडीसारखी. तिने प्याला दूर सारला.

चौदा जूनचा शुक्रवार आठवायला तिला वेळ लागला. अशा सह्या तिने शेकड्यांनी केल्या होत्या आणि सह्यांचे दिवस कुणी आठवणीत ठेवत नाही. आठवले ते बूट. पांढरे, नवे, उन्हाळी बूट, टाचेला चावणारे. त्या दिवशी दुपारी दोनला मैत्रिणींबरोबर सरोवरावर जायचं होतं, गाडी खाली उभी होती, आणि ती प्रयोगशाळेच्या जिन्यात एका पायावर उभी राहून टाचेला पट्टी चिकटवत होती. तेव्हा कुबात आगाय जिना उतरून आले. ते विभागप्रमुख, सगळ्या त्यांना आगाय, म्हणजे सर, म्हणायच्या. कुणावर कधी न ओरडणारे, प्रत्येकीच्या आईच्या तब्येतीची चौकशी करणारे. त्यांच्या हातात कागद होता. “बुरुल बाळ, एवढी सही टाक आणि जा. तपासणी वरच्या मजल्यावर झालीय. वरची बाई रजेवर गेली, शिक्का आपला आहे.” तिने कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवला होता की त्यांच्या पाठीवर? पाठीवर. हो, आगायनी हसत पाठ वाकवली होती, आणि तिने त्यांच्या घामाने ओल्या सदऱ्यावर कागद ठेवून सही केली होती. लेखणी मऊ मांसात रुतत होती, म्हणून शेपटी नेहमीपेक्षा जरा वाकडी आली. पडद्यावर ती वाकडीच होती. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पाठीची ऊब बुरुलला आता तळहाताला जाणवली आणि तिने हात नकळत मांडीवर पुसला. मग सरोवर. गार पाणी, भाजलेला मासा, तिसऱ्या दिवशी सोलून निघालेले खांदे. सोमवारी परत आली तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्रत्येकीच्या टेबलावर एकेक पुडकं होतं. ताजं पिवळं लोणी, दोन-दोन किलो. “कुणाकडून?” असं तिने विचारलंही असेल. उत्तर आठवत नव्हतं. लोणी मात्र आठवत होतं. तिने ते गावी आईकडे नेलं होतं, आईने त्यात पिठाचे गोळे तळले होते आणि सगळ्या आळीला वाटले होते. आई म्हणाली होती, “माझ्या लेकीला मान आहे शहरात.” आई आता नव्हती. ते लोणी तिच्या पोटात गेलं आणि तिच्याबरोबर मातीत गेलं.

तिने वही मिटली, पण पडदा मिटला नाही. ‘अफवा’ म्हणजे कुठली अफवा, ते त्या पानावर लिहिलं नव्हतं. फक्त ‘काही स्वार्थी मंडळींनी पसरवलेल्या’ एवढंच होतं. आता माहिती काढायचा तिचा हात थांबेना. मुलाखतीसाठी म्हणून सुरू झालेलं ते बोट आपल्या आपण पुढे चाललं होतं, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं. शहरातल्या आयांचं एक जुनं चर्चेचं पान सापडलं. कुणी तापावर औषध विचारत होतं, कुणी लहान झालेला कोट विकत होतं. त्यांत मधेच एक शीर्षक होतं, ‘बालवाडीतलं दूध’. पहिल्या आठवड्यात दोनशेवर उत्तरं आली होती. माझ्या मुलाला रक्ताचे जुलाब. माझीला पण. इस्पितळात जागा नाही. सगळ्यांनी सोमवारचं दूध प्यायलं होतं. मग चौदा जूननंतर सूर बदलला. अहवाल आलाय, दुधात काही नाही. मग पाण्यात असेल. मग मुलांनी हात धुतले नसतील. मग आयांनीच शिळं खाऊ घातलं असेल. आया एकमेकींवर घसरल्या, भांडल्या, पांगल्या. बहुतेक मुलं बरी झाली होती. कंपनीचं कौतुक करणारे काही अभिप्राय एकाच दिवशी, एकाच शब्दांत, वेगवेगळ्या नावांनी आले होते: ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच दूध पितो.’ कंपनी तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्यानंतर त्या शीर्षकाखाली एकच बाई उरली. गुलबार्चीन. दर जूनमध्ये, मुलीच्या वाढदिवशी, ती एकदा लिहीत होती. कुणी उत्तर देत नव्हतं. ‘आयपेरी आज पाच वर्षांची झाली. वजन बारा किलो. मूत्रपिंडं सुधारणार नाहीत म्हणाले.’ ‘आयपेरी आठ वर्षांची. शाळेत दोन महिने गेली.’ ‘आयपेरी चौदा वर्षांची. आता आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायच्या यंत्राला लावतात.’ आणि पहिल्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहिलेलं एक: ‘ब. तुर्दुबायेवा नावाच्या बाईला कुणी ओळखतं का? मला भांडायचं नाही. फक्त विचारायचंय, तुम्ही दूध बघितलं होतं का?’ त्याला मात्र एक उत्तर होतं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, अशी माणसं नसतातच. नाव नुसतं छापलेलं असतं.’

किल्लीचा आवाज आला आणि अनारकान एजे थंडीचा भपका घेऊन आत शिरली. ती बुरुलहून बारा वर्षांनी मोठी, बाजारात पडद्यांचं दुकान चालवणारी, आईच्या जागी असलेली बाई. बोलायला लागली की दोन गिऱ्हाइकं एकदम पटवायची. टोपी काढायच्या आधीच तिने पिशवीतून दह्याची बरणी काढून टेबलावर आदळली. झाकणावर हिरवं कुरण आणि ‘आईच्या हातचं’.

“तुझ्या कंपनीचं! म्हटलं मंगळवारी विचारलं, आमचा माल खाता का, तर खोटं बोलायला नको. खा. जाड आहे बघ, चमचा उभा राहतो.”

तिने झाकण उघडलं, चमचा उभा करून दाखवला. आंबट, ओला, उबदार वास टेबलावरून सरपटत आला. बुरुल उठली आणि मोरीपाशी जाऊन वाकली. काही बाहेर पडलं नाही, नुसती लाळ, डोळ्यांत पाणी. पाठीमागून अनारकानने हलकेच विचारलं, “कुणाचं आहे गं?”

“तसलं काही नाही, एजे.” बुरुलला हसूही आलं आणि त्या हसण्याचीही शिसारी आली. तिने तोंड पुसलं आणि फोन बहिणीपुढे सरकवला. बूट, पाठ, लोणी, सगळं सांगितलं. अनारकानने चष्मा लावून सगळं वाचलं, गुलबार्चीनचं सुद्धा, ओठ हलवत. बराच वेळ वाचत होती. मग तिने चष्मा काढला.

“तुला माहीत होतं का?”

“नाही.”

“मग झालं तर. कुबातने सांगितलं वर तपासलंय. तपासलं असेलही.”

“एका दिवसात होत नाही ते.”

“अगं, या देशात कोण सही करत नाही? माझ्या दुकानाला आग लागणार नाही म्हणून एक माणूस दरवर्षी सही करतो. दुकानाचं तोंड सुद्धा बघितलं नाही त्याने. तुझ्या नवऱ्याने लग्नात सही केली, काय झालं तिचं? गेलाच ना सोडून!” ती थांबली. आपण लागेलसं बोललो हे तिला कळलं होतं आणि मागे घ्यायचं नव्हतं. “कुबात मेला. ती पोरगी यंत्राला लागली, तुझ्या रडण्याने ती उठायची नाही. आणि बघ, चांगल्या जागी चांगलं माणूस नको? तू गेलीस तर पुढचं दूध तरी धड तपासशील. पंधरा महिने झाले, बुरुल. मी काढत नाहीये तुला घरातून. पण तू स्वतःच भिंतीत मुरत चाललीयेस, मला दिसतंय.”

पुढचं दूध तरी धड तपासशील. रविवारभर बुरुल या वाक्याला धरून बसली. वाक्य चांगलं होतं, त्याला मऊ पाठ होती, टेकलं की रुतायला व्हायचं. तिने कोट झटकला, कॉलर इस्त्री केली, केस धुतले. नाणं उडवावं तशी ती मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उडवत होती: वरच्या मजल्यावर तपासलं असेल. आधीच, दहा तारखेलाच कुणी नमुना आणला असेल, कागदावर तारीख चुकली असेल. टंकलेखिका बाई तशी वेंधळीच होती. तारीख चुकणं किती साधं असतं! त्या चुकलेल्या तारखेवर बुरुलचं इतकं प्रेम जडलं की सोमवारी दुपारी तिला ती जवळजवळ खरी वाटायला लागली. आणि तरी तोंड धुताना, वेणी घालताना, चमच्याने साखर ढवळताना ती मनाशी पाच दिवस मोजायची. मुलाखतीला आपण नोकरीसाठी जातोय की त्या तारखेसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. लोकलाजेखातर आजाऱ्याला भेटायला जावं तशी ती निघाली.

कारखाना शहराच्या कडेला होता, स्वच्छ, पांढरा, दारात निळसर सरूचं झाड. आत सगळीकडे उकळलेल्या दुधाचा वास होता. त्यावर क्लोरीनचा, आणि त्या दोन्हींवर फुलांचं अत्तर. एलविरा नावाच्या तरुण बाईने तिचे कागद घेतले, गोड हसली, “मेलिस बायके स्वतः बोलणार आहेत, हे काही सगळ्यांच्या नशिबी नसतं हं,” म्हणाली आणि तिला आत नेऊन बसवलं. मेलिस बायके फोटोतल्यापेक्षा म्हातारा आणि बारीक होता. त्याचे हात मात्र मोठे, गोरे, बिनहाडाचे वाटत. टेबलावर सुकी जर्दाळू, अक्रोड, साखरेचे खडे, चहा. चहा त्याने स्वतः ओतला, घरच्या माणसाला द्यावा तसा अर्धाच प्याला.

“बस, बहिणी. थंडी काय पडलीय! घरचे बरे आहेत ना सगळे? थोरली बहीण बाजारात असते म्हणे. धंदा बरा?”

त्यांनीही माहिती काढली होती. बुरुलने पाठ केलेलं तोंडाशी आलं: सव्वीस वर्षं, तीन गोठे, विश्वास. तिने तोंड मिटून ठेवलं. मेलिसने तिच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिने वळून पाहिलं. मान्यवरांच्या फोटोंच्या रांगेत काचेआड तो कागद होता, सोनेरी चौकटीत.

“ओळखलंस? तुझं नाव अर्जात बघितलं आणि एलविराला म्हटलं, बाकीचे कागद बंद कर. या पोरीचं मीठ खाल्लंय आपण. त्या वेळी लोक दगड घेऊन उभे होते फाटकाशी. बंदच पडलो असतो. दोनशे माणसं कामाला होती माझ्याकडे, त्यांच्या चुली विझल्या असत्या. तुझा कागद आला आणि एका दुपारीत सगळं गप्प!”

“बायके,” बुरुल म्हणाली. “नमुना कधी पाठवला होतात?”

“काय?”

“दुधाचा नमुना. प्रयोगशाळेत. तारीख चुकली असेल का कागदावर?”

मग त्याला कळलं असं वाटलं. म्हणजे त्याला जे कळायचं ते कळलं, आणि तो खुशीत हसला, ओल्या, आजोबासारख्या हसण्याने. “काळजी करू नकोस. कुणी विचारायला येत नाही आता. नमुना कुठला गं? सोमवारचं दूध सोमवारीच संपलं, टाक्या त्याच दिवशी धुतल्या. मी कुबातला फोन केला, त्याने चार वाजायच्या आत कागद पाठवला. माणूस होता बिचारा, देव त्याला जागा देवो.” त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. “दूध रोज येतं आणि रोज नासतं, बहिणी. कागद नासत नाही. मला तो जपणारं माणूस हवंय. इथे शिकलेल्या पोरी येतात, उबेत बशा ठेवतात, पाच दिवस थांबा म्हणतात. पाच दिवस दूध थांबतं का?”

“पाच दिवस लागतात,” बुरुल म्हणाली.

“तेच तर! तू एका दिवसात केलंस.”

तो खरंच कौतुकाने बोलत होता. एखादा राक्षस समोर असता तर बुरुलला सोपं गेलं असतं. हा तिच्या मावशीच्या नवऱ्यासारखा होता. त्याने अक्रोड फोडून गर तिच्या बशीत ठेवला. गर मेंदूसारखा, सुरकुतलेला. त्याने पगार सांगितला, सोमवारपासून ये म्हणाला, आणि उठून दोन्ही हातांत तिचा हात घेतला. तिने हात काढून घेतला नाही. हे पुढे तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं. तिचा हात त्या उबदार, मऊ मांसात मुकाट्याने पडून राहिला, वर “रहमत, बायके” असे आभारही तोंडाने आपोआप मानले. दारापाशी एलविराने हिरव्या कुरणाची एक जड पिशवी पुढे केली: लोणी, साय, दही. “घरच्यांसाठी. पहिल्यांदा आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असा बायकेंचा नियम आहे.” बुरुलने पिशवी घेतली. बसच्या थांब्यापर्यंत ती घेऊन चालली. थांब्यावर लोक होते, म्हणून टाकता येईना. बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. लोण्याचा गारवा कोटातून मांडीला लागत राहिला. दोन थांबे आधीच उतरून कचऱ्याच्या पेटीत टाकायला गेली, तर शेजारी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “टाकतेस कशाला गं, मला दे.” बुरुल “नको, खराब आहे, खराब आहे” असं ओरडली आणि पेटीत खोल हात घालून, पुडकी फोडून, ती राखेत कालवून आली. म्हातारी तिच्याकडे वेडीकडे बघावं तसं बघत होती. तिचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. घरी येऊन तिने ते तीनदा धुतले, आणि हात धुण्याने आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर नळ बंद केला.

“काय झालं?” संध्याकाळी अनारकानने विचारलं.

“मिळाली.”

“आणि?”

“नमुना नव्हताच, एजे. पाठवलाच नव्हता.”

ती दह्याची बरणी शनिवारपासून फ्रीजमध्ये तशीच होती. अनारकानने ती काढली, मोरीत उपडी केली आणि पाणी सोडलं. दही जाईना, गोळे अडकून बसले. ती चमच्याने ढोसत उभी राहिली, पाठमोरी, बराच वेळ.

गुलबार्चीनने आपल्या शेवटच्या मजकुराखाली फोन नंबर लिहिला होता. बुधवारी सकाळी बुरुलने तो लावला. काय बोलायचं ते तिने वहीत लिहून घेतलं होतं. पण पलीकडून “कोण?” असा दमलेला आवाज आल्यावर तिच्या तोंडून फक्त नाव निघालं. आडनावासकट. पलीकडे कुठेतरी कुकर होत असल्यासारखी शिट्टी वाजत होती.

“तुम्ही म्हाताऱ्या असाल असं वाटायचं मला,” शेवटी तो आवाज म्हणाला. “जाड चष्म्याच्या. बघितलं होतंत का?”

“नाही.”

“काय नाही?”

“दूध. बघितलं नव्हतं. नमुना आलाच नव्हता.”

“उद्या एकला या. आयपेरीचा यंत्राचा दिवस आहे, घरात नसेल ती. तीनला मला आणायला जायचं असतं. कागद आणा, पांढरा, कोरा. माझ्याकडे नाहीये.” आणि तिने पत्ता सांगितला, वस्तीचं नाव, उतरायचा थांबा, निळं फाटक. किराणा सांगावा तसं सांगितलं.

ती शहराबाहेरची नवी वस्ती होती, मातीच्या विटांची, अर्धी प्लास्टर न केलेली घरं. रस्त्यावर बर्फाचा चिखल गोठला होता. गुलबार्चीन बुटकी, रुंद खांद्यांची, चाळिशीची बाई निघाली. म्हणजे दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. तिने “या” म्हटलं नाही, बाजूला झाली एवढंच. खोलीत भिंतीशी नीट घातलेली गादी, औषधांचे खोके एकावर एक, खिडकीत ओळीने ठेवलेली पाठ्यपुस्तकं. बुरुल कोट काढायला लागली, तशी गुलबार्चीन म्हणाली, “असू दे अंगात.” मग तिने टेबलाजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरची लहान लोकरी शाल उचलून घेतली आणि दूरच्या कपाटात ठेवून आली. बुरुल बसली. आपण बसलेली खुर्चीही ती नंतर धुवेल, असं तिच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं नाही. उलट पाच दिवसांत पहिल्यांदाच पोटातलं ते जागच्या जागी बसलं. तिची किळस दुसऱ्या कुणाला तरी आली होती. ती एकटीनेच वाहायची राहिली नव्हती.

“लिहा,” गुलबार्चीन म्हणाली. “वकील म्हणाला होता, एखादं नवीन काही मिळालं तर परत उघडता येतं. अकरा वर्षांपूर्वी म्हणाला होता. आहे की मेला, माहीत नाही. लिहा तरी.”

बुरुलने लिहिलं. जिना लिहिला, आगायचं नाव लिहिलं, पाच दिवस लागतात ते लिहिलं, लोणीही लिहिलं. “लोणी कशाला?” गुलबार्चीनने खांद्यावरून वाचत विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, “असू दे. राहू दे.” मंगळवारी मेलिस बायके काय बोलला, तेही शब्दाला शब्द लिहिलं. सोमवारचं दूध सोमवारीच संपलं, हे वाक्य आल्यावर गुलबार्चीनचा श्वास तिच्या कानाशी थांबला. तीन पानं झाली. सही करायची वेळ आली. बुरुलने नाव नुसतं सुट्या अक्षरांत, शाळकरी मुलीसारखं, पूर्ण लिहिलं.

“हे असं नको,” गुलबार्चीन म्हणाली. “त्या कागदावर आहे तशीच पाहिजे. नाहीतर म्हणतील, ही कुणी दुसरीच.”

बुरुलने खाली पुन्हा सही केली. पोट, कोंबलेली अक्षरं, शेपटी. गुलबार्चीनने कागद उचलले, प्रकाशाकडे धरून पाहिले, पुस्तकांच्या मधे सरळ ठेवले. तिने आभार मानले नाहीत आणि बुरुलने क्षमा मागितली नाही. शब्द तयार होता, पण या खोलीत तो काढणं म्हणजे आणखी एक पिशवी कुणाच्या तरी हातात देण्यासारखं झालं असतं. अडीच वाजले होते. गुलबार्चीन डोक्याला रुमाल बांधायला लागली. बुरुल उठून दारापर्यंत गेली, बुटांत पाय सरकवले.

“थांबा.”

गुलबार्चीन चुलीपाशी गेली होती. तिने फडक्यातून गोल नान काढला आणि बुरुलपुढे धरला, हात लांब करून, तोंड खिडकीकडे वळवून. दारात आलेल्याला भाकरी न चाखता जाऊ द्यायचं नसतं. वैरी असला तरी. हे दोघींनाही लहानपणापासून ठाऊक होतं आणि दोघींपैकी कुणालाच ते मोडता येत नव्हतं. तिचा जबडा आवळलेला होता.

“तोंडाला लावा,” ती म्हणाली, “आणि जा.”

बुरुलने एक तुकडा तोडला आणि तिथेच उंबऱ्यात उभं राहून चावायला लागली. नान कालचा होता, कोरडा. घास तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. गुलबार्चीन तसाच हात लांब करून उभी होती, तो गिळला जाईपर्यंत.